घरी पिल्ले काढायची तर आधी आई ठरवा, मग जात

कोंबड्या पाळायचं मनात आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कडकनाथ घेऊ, वनराजा घेऊ की गिरिराज? मी म्हणतो, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की अंड्यांवर बसणार कोण आणि पिल्लांना घारीपासून सांभाळणार कोण? ज्याच्या अंगणात दोन-तीन चांगल्या खुडूक होणाऱ्या, म्हणजे अंडी देणं थांबवून ती उबवायला बसणाऱ्या, गावरान कोंबड्या आहेत, त्याला कोणत्याही जातीची पिल्ले घरी काढता येतात. ज्याच्याकडे त्या नाहीत, त्याला दरवेळी पिल्ले विकत आणावी लागतात, नाहीतर उबवणी यंत्राच्या आणि लाईटच्या भरवशावर राहावं लागतं.

हा लेख वीस-पंचवीस कोंबड्या अंगणात, सांदवाडीत मोकळ्या सोडून पाळणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या शेडचा हिशेब वेगळा.

हंगाम: दिवाळी ते होळी

विदर्भात पिल्ले काढायचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. याला कारण आहे. अंड्यातला जीव साधारण 20 ते 24 अंशांच्या खाली झोपलेला असतो. त्याच्या वर तापमान गेलं की तो हळूहळू वाढू लागतो. एप्रिल-मे मध्ये घरात ठेवलेलं अंडंही दिवसा 38-40 अंशांत असतं. कोंबडी बसायच्या आधीच जीव वाढायला लागतो, रात्री थांबतो, पुन्हा वाढतो आणि मरतो. मग एकविसाव्या दिवशी डझनातून तीन पिल्ले निघाली की आपण कोंबड्याला दोष देतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45-46 वर जातो तेव्हा बसलेली कोंबडीसुद्धा चोच उघडून धापा टाकते आणि अंडी सोडून सावलीत जाते.

पावसाळ्यात वेगळा त्रास. ओल, रक्ती हगवण, डास आणि त्यांच्यामुळे कोंबड्यांना होणारी देवी. वीज कडाडली की अंडी खराब होतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवायची पद्धत आहे. ठेवायला हरकत नाही, पण त्या दिवसांत अंडी वाया जातात ती उष्णतेने, ओलीने आणि जुनी झाल्याने.

हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे. डिसेंबर-जानेवारीत निघालेला गावरान नर पाच-सहा महिन्यांत सव्वा-दीड किलोला येतो, म्हणजे बरोबर आखाडीच्या तोंडावर. कोंबड्याला भाव कधी असतो हे वेगळं सांगायला नको.

कोणती जात कशासाठी

गावरान कोंबडी वर्षाला 50 ते 70 अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते आणि अंडी थांबतात. लोक याला तिचा दोष मानतात. ज्याला पिल्ले काढायची आहेत त्याच्यासाठी तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. शिवाय घार दिसली की एका आवाजात पिल्लांना तुरीत लपवायचं शिक्षण ती देते, यंत्र देत नाही.

असील दिसायला उंच, अंगाने घट्ट, मांसाला चवदार. अंडी कमी, पण मादी अंड्यांवर चिकटून बसते आणि पिल्लांसाठी मांजरावरही धावून जाते. गडचिरोलीकडे कोंबडबाजारासाठी असील पाळतात. कोंबड्यांची झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, तो नाद नको. आई म्हणून एखादी असील मादी मात्र जरूर ठेवा. नर दोन ठेवू नका, ते एकमेकांना फाडतात.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. 2018 मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. मांस, हाडं, जीभ सगळं काळं, म्हणून तिकडे कालामासी म्हणतात. आपल्या उन्हात टिकतो, रोगालाही बरा तोंड देतो. पण मादी अंड्यांवर भरवशाने बसत नाही आणि वाढ सावकाश आहे. म्हणजे कडकनाथ पाळायचा तरी खाली गावरान आई लागतेच. दुसरं म्हणजे बाजार. पिल्ले आम्ही देतो, मोठी झाल्यावर आम्हीच घेतो, अशा योजनेत 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी शेतकरी बुडाले. आपल्या गावात, तालुक्यात कडकनाथ कोण घेणार हे आधी पाहा. दहा-बारा पक्ष्यांपासून सुरुवात करा.

वनराजा आणि ग्रामप्रिया हे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसबागेसाठी तयार केलेले संकर. वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, घरच्या पद्धतीत वर्षाला शंभराच्या आसपास अंडी. ग्रामप्रियाचा भर अंड्यांवर, दीडशेच्या पुढे जाते. गिरिराज बंगळूरचा, वजनाला जड. तिन्ही रंगीत पिसांचे आहेत, त्यामुळे पांढऱ्या पक्ष्यासारखे घारीच्या डोळ्यात भरत नाहीत. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. या माद्या सहसा खुडूक होत नाहीत. आणि ही संकरित जनावरं असल्याने त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत तेच वजन, तीच अंडी मिळतील याची खात्री नसते. म्हणून वनराजाची पिल्ले दरवेळी चांगल्या हॅचरीतून किंवा सरकारी उबवणी केंद्रातून घ्यावीत. तसं केंद्र नागपूरलाही आहे. मागणी आधी नोंदवावी लागते, त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यात लवकर चौकशी करा.

सायकलवर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकायला येतात ती घेऊ नका. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची टाकून दिलेली नर पिल्ले असतात. त्यांना वजन येत नाही आणि लस झालेली असेलच असं नाही.

माझ्या मते अंगणातल्या कळपाची मांडणी अशी असावी: पाच-सहा गावरान माद्या, त्यांतल्या निदान तीन खात्रीच्या खुडूक होणाऱ्या. एक निवडलेला नर. आणि घरच्या अंड्यांसाठी चार-पाच ग्रामप्रिया. गावरान माद्यांवर ऱ्होड आयलँड रेडसारखा मध्यम वजनाचा नर सोडला तर पिल्लांना वजन बरं येतं. गिरिराजचा नर सोडू नका, त्याच्या वजनाने लहान कोंबडीची पाठ सोलून निघते. मानेवर पिसं नसलेली गावरान कोंबडी मिळाली तर ती सोडू नका. दिसायला कशीही असो, कमी पिसांमुळे ती ऊन इतरांपेक्षा चांगलं सोसते.

अंडी निवडणे आणि साठवणे

आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीची पहिली अंडी लहान असतात, ती घरात खा. उबवायला मध्यम आकाराचं, एका बाजूला निमुळतं, गुळगुळीत कवचाचं अंडं घ्या. फार मोठं, गोल, खरखरीत किंवा तडा गेलेलं नको. लांब अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते असं म्हणतात. तसं नाही. नर की मादी हे आकारावरून ओळखता येत नाही.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. फार घाण असेल तर ते अंडं बाजूला काढा.

साठवायला माठ उत्तम. माठ ओल्या वाळूत रोवा, आत तळाला कोरडं गवत टाका, अंड्यांची रुंद बाजू वर ठेवा आणि तोंडावर सुती कापड बांधा. हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, फेब्रुवारी सरला की तीन-चार दिवसांच्या वरची घेऊ नका. फ्रीजमधली अंडी उबवायला नकोत. दुसऱ्या गावाहून मोटरसायकलवर आणलेली अंडी लगेच बसवायची नाहीत. रुंद बाजू वर करून एक दिवस शांत ठेवा, आतली हवेची पोकळी जागेवर येते.

कोंबडी बसवणे

खुडूक झालेली कोंबडी ओळखायला सोपी. अंडं नसलं तरी जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुगवते, ‘खुक् खुक्’ असा वेगळाच आवाज काढते. रात्री हळूच तिच्या पोटाखाली हात घालून बघा. छातीखालची पिसं झडलेली असतात आणि तिथली उघडी कातडी हाताला चांगलीच गरम लागते. खरी खुडूक असेल तर ती चोच मारेल, पण उठणार नाही. दिवसा बसून रात्री आढ्यावर जाणारी कोंबडी अजून तयार नाही.

दोन-तीन रात्री तिच्याखाली साधी, टाकाऊ अंडी ठेवून परीक्षा घ्या. टिकली तर खरी अंडी द्या.

बसवायची जागा अंधारी, शांत आणि उंदीर, मुंगूस, साप यांच्यापासून सुरक्षित हवी. टोपलीत किंवा जुन्या घमेल्यात तळाला दोन बोटं राख आणि माती, वर धानाची तणस किंवा सुकं गवत, त्यात मूठभर कडुनिंबाचा पाला. बसवायच्या आधी कोंबडीला राखेत लोळू द्या आणि पिसांच्या मुळाशी उवा आहेत का ते बघा. उवांनी पोखरलेली कोंबडी पंधराव्या दिवशी अंडी सोडून उठते आणि सगळी मेहनत जाते. मुंग्यांचा रस्ता असेल तर घमेलं पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा. पिल्लाने आतून चोच मारलेल्या अंड्यात मुंग्या शिरल्या तर पिल्लू वाचत नाही.

अंडी रात्री ठेवा आणि सगळी एकदम ठेवा. थंडीत गावरान कोंबडीखाली दहा, मोठ्या अंगाची असेल तर बारा. वनराजासारखी मोठी अंडी असतील तर दोन कमी. पंधरा-पंधरा ठेवण्याचा मोह टाळा, कडेची अंडी गार पडतात आणि फिरवाफिरवीत प्रत्येक अंड्याची पाळी येते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहा, कारण दुसऱ्या कोंबड्या येऊन त्याच टोपलीत अंडी घालतात. बिनखुणेचं अंडं दिसलं की रोज काढून घ्यायचं.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, एकच मोठी घाण विष्ठा टाकते आणि परत जाते. उठत नसेल तर हाताने उचलून दाण्याजवळ ठेवा. ज्वारी आणि पाणी टोपलीपासून दोन-तीन हातांवर असावं, टोपलीत नको.

शक्य असेल तर दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवा. सातव्या दिवशी तपासणीत दोघींची मिळून दहा-बारा अंडी चांगली निघाली तर ती एकीखाली करा आणि दुसरीला ताजी अंडी द्या. या एका युक्तीने खूप दिवस वाचतात.

सगळ्याच खुडूक कोंबड्या बसवायच्या नसतात. जिला उठवायची आहे तिच्या नाकात पीस खोचणं, तिला पाण्यात बुचकळणं हे करू नका. तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी द्या. पोटाला खालून हवा लागली की तिचं खुडूकपण उतरतं.

सातव्या आणि चौदाव्या रात्रीची तपासणी

रात्री खोलीतला दिवा बंद करा. पुठ्ठ्याची नळी मोबाईलच्या टॉर्चवर धरा आणि तिच्या तोंडावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं पसरलेलं दिसतं आणि मधे एक काळसर ठिपका. अंडं स्थिर धरून थोडं थांबलात तर तो ठिपका हलकेच हिसका देतो. शिरा काहीच नसतील आणि अंडं पिवळसर स्वच्छ दिसत असेल तर त्यात जीवच नव्हता. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर जीव सुरुवातीलाच मेला. अशी अंडी काढा, कुजून फुटली तर बाकीचीही जातात. शंका असेल ते अंडं ठेवा, चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा रुंद बाजूची हवेची पोकळी सोडून बाकी सगळं गडद दिसायला हवं. अठराव्या दिवसानंतर टोपलीला हात लावायचा नाही.

यंत्रात काढायची असतील तर

खुडूक कोंबडी नसेल तेव्हाच यंत्र. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 ते 37.8 अंश ठेवा. पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 च्या आसपास. यंत्राच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर आणि यंत्राचं थर्मामीटर दोन्ही कोमट पाण्यात धरा. किती फरक आहे ते कळतं.

ओलावा पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. किराणा काट्यावरही अंदाज घेता येतो. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण 12 टक्के घटायला हवं, म्हणजे 50 ग्रॅमचं अंडं 44 वर यावं. त्याहून फार कमी घटलं तर पाणी जास्त होतंय. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवा. विषम वेळा अशासाठी की रात्रीची लांब वेळ दरदिवशी वेगवेगळ्या बाजूवर जाते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

लाईट गेली तर यंत्र उघडू नका. वर गोधडी टाका, फार वेळ गेली तर बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. अंडं थोडा वेळ गार झालं तर सावरतं, पण 40 च्या वर काही तास गेलं तर संपतं. म्हणूनच मे महिन्यात यंत्र लावू नका. यंत्र गरम करतं, गार करत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच 42 अंश असतात.

यंत्रातली पिल्लेही कोंबडीला देता येतात. निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली कोंबडी बघा, रात्री तिच्याखालची अंडी काढा आणि एक-दोन दिवसांची पिल्ले सरकवा. सकाळी पहाटेच जाऊन बघा. ती टोचत असेल तर पिल्ले परत घ्या.

विसावा-एकविसावा दिवस

अंड्याला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. या वेळात सर्वांत जास्त पिल्ले मरतात ती आपल्या मदतीने. कवच सोललं की आतल्या शिरा फुटतात आणि पिवळं अजून पोटात ओढलं गेलेलं नसतं. थांबा. निघालेल्या पिल्लाच्या पोटात दोन दिवस पुरेल इतकं पिवळं असतं, त्यामुळे भुकेची काळजी नको. सगळी पिल्ले निघून सुकली की कोंबडीसकट काढा. पहिलं पाणी, त्यात किंचित गूळ, आणि दोन-तीन तासांनी दाणा.

पहिले दोन महिने

आईसोबतची पिल्ले पहिले दहा-पंधरा दिवस डाल्याखाली ठेवा, मग अंगणात. आई नसेल तर पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं करून वर बल्ब लावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला 35 अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. पिल्ले बल्बखाली गर्दी करतात तेव्हा थंडी आहे. कडेला पळतात, पंख पसरतात तेव्हा उष्णता जास्त. सगळीकडे पसरून झोपली तर बरोबर. खाली धानाचा तूस आणि त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट अंथरा. वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि पिल्लू फाकतं.

दाण्यात पहिले सहा आठवडे बाजारातलं चिक स्टार्टर द्या, इथे पैसे वाचवू नका. नंतर कणी, भरडलेला मका, ज्वारी, भुईमुगाची ढेप. ढेप आणि मक्याला बुरशी लागली असेल तर फेकून द्या. आपल्याकडे सोयाबीन घरात भरपूर असतं म्हणून कच्चंच टाकतात. कच्चं सोयाबीन पिल्लांना पचत नाही, भाजून भरडा. सरकीची ढेप पिल्लांना नकोच, तिच्याने वाढ खुंटते.

मृगात पेरणीच्या दिवसांत कळप बांधून ठेवा. औषध लावलेलं बियाणं आणि फवारलेल्या कपाशीतले मेलेले किडे खाऊन एका दुपारी अंगण रिकामं होतं.

लसीत टाळाटाळ नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली की चार दिवसांत खुराडं साफ होतं आणि आजार झाल्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस. आठव्या आठवड्यानंतर मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. विकत आणलेल्या संकरित पिल्लांना चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लसही. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणा आणि सकाळी उन्हाआधी सगळ्यांच्या कोंबड्यांना द्या. शेजाऱ्याचा कळप बिनलसीचा राहिला तर तुमच्या कळपाचा धोकाही टळत नाही.

बाजारातून आणलेला नवा पक्षी निदान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा.

कोण ठेवायचं, कोण विकायचं

चार महिन्यांनी निवड सुरू करा. माद्यांची नोंद वहीत ठेवा: कोणती खुडूक झाली, किती अंड्यांतून किती पिल्ले निघाली, त्यांतली दोन महिन्यांपर्यंत किती वाचली. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. बारा काढून चार वाचवणारीपेक्षा आठ काढून सात वाचवणारी आई मोलाची, आणि पुढच्या माद्या तिच्याच पोटच्या ठेवा. अंडी फोडून खाणारी, दुसरीच्या पिल्लांना टोचणारी काढून टाका.

नरांमध्ये उंच, सरळ पायांचा, मानमोडीच्या साथीतही खात-पीत राहिलेला एक निवडा, बाकी आखाडीला विका. तो नर घरच्या माद्यांचा भाऊ किंवा बाप नको. दरवर्षी दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडे नराची अदलाबदल करा, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत अंडी वांझ निघू लागतात आणि पिल्ले अशक्त होतात. जुना नर काढल्यावरही त्याचं बीज मादीच्या पोटात दोन आठवड्यांपर्यंत टिकतं. म्हणून नवा सोडल्यापासून तीन आठवड्यांतली अंडी घरात खा आणि त्यानंतरचीच उबवायला ठेवा.